बंधुता, वर्गणी भरणाऱ्यांपुरती

गेल्या पावसाळ्यात माझी भाची अमेरिकेहून मुलुंडला आली होती. तिची मुलगी पेनसिल्व्हेनियातील एका लहानशा महाविद्यालयात शिकते. मुलीने तेथे नुकताच एका 'सोरॉरिटी'त, म्हणजे विद्यार्थिनींच्या भगिनीमंडळात, प्रवेश मिळविला होता. एकाच रंगाचे कपडे घातलेल्या चाळीसेक मुलींचे छायाचित्र दाखवीत भाची कौतुकाने म्हणाली, "मामा, एका आठवड्यात चाळीस बहिणी मिळाल्या तिला. आपल्या कॉलेजांत असं काही का नव्हतं?" मी सहज विचारले, "आणि ज्यांना घेतलं नाही त्या?" भाचीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "त्या रडल्या असतील. पण असतं ते तसं."

हे 'असतं ते तसं' माझ्या मनातून गेले नाही. उपनगरातील एका लहान महाविद्यालयात चौतीस वर्षे अर्थशास्त्र शिकविल्यावर मला भाचीच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असावयास हवे होते. ते उत्तर असे की आपल्याकडेही हे सारे होते आणि आहे. फक्त त्याला ग्रीक अक्षरांची नावे नाहीत.

अमेरिकेतील या संस्थेचा इतिहास मनोरंजक आहे. १७७६ साली, म्हणजे ज्या वर्षी त्या देशाने स्वातंत्र्याची आणि मनुष्यमात्राच्या समतेची घोषणा केली त्याच वर्षी, व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी या महाविद्यालयात 'फाय बीटा कॅपा' ही ग्रीक अक्षरांची पहिली गुप्त विद्यार्थिसभा स्थापन झाली. स्त्रियांच्या अशा संघटना पुढे आल्या. त्यांतील एक जुनी संघटना १८६७ साली इलिनॉयमधील मॉनमथ या लहान महाविद्यालयात बारा मुलींनी सुरू केली. ज्या काळात महाविद्यालयांत मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्या काळात त्यांनी एकमेकींना आधार द्यावा यात वावगे काहीच नव्हते. परंतु जी संस्था एकटेपणावर उपाय म्हणून जन्मास आली, तिचे पुढे प्रतिष्ठेच्या कुंपणात रूपांतर झाले. कोणास घ्यावयाचे हे आतल्यांनी ठरवावयाचे, घेण्यापूर्वी उमेदवाराचा कस पाहावयाचा आणि या कस पाहण्याच्या नावाखाली त्याचा छळ करावयाचा, अशी रीतच पडली. या छळापायी तेथे तरुण मुले मेली आहेत. २०२४च्या डिसेंबरात अमेरिकेला त्यासंबंधी संघराज्याचा कायदा करावा लागला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना या बंधुमंडळांची दारे बंद होती. म्हणून त्यांनी १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात आपले स्वतंत्र मंडळ स्थापन केले आणि १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णीय मुलींनी आपले. दार बंद करणाऱ्याची संघटना आणि दाराबाहेर उभ्या राहिलेल्यांची संघटना, या दोहोंना एकाच मापाने मोजता येत नाही, हे येथेच लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

जेम्स ब्यूकॅनन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली 'क्लब'चा आर्थिक सिद्धांत मांडला. सार्वजनिक वस्तू सर्वांसाठी असते. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पैसे न देणाऱ्यावरही पडतो. खाजगी वस्तू एकाची असते. या दोहोंच्या मध्ये क्लबची वस्तू येते. ती सभासदांत वाटून घेता येते आणि बाहेरच्याला नाकारता येते. सभासद एका मर्यादेपलीकडे वाढले तर आतल्यांचा लाभ घटतो, म्हणून क्लबला कुंपण लागतेच. ब्यूकॅननच्या राजकीय निष्कर्षांशी माझे कधी जमले नाही. परंतु ही विभागणी मात्र विचार करावयास उपयोगी पडते. कारण तिच्यामुळे आपल्याला नेमका प्रश्न विचारता येतो. बंधुता ही कोणत्या प्रकारची वस्तू आहे? पोहण्याच्या तलावासारखी, की रस्त्यावरच्या दिव्यासारखी?

उपनगरातील कुंपणे

मुंबईच्या उपनगरांत महाविद्यालये उशिरा आली. अंधेरीचे भवन्स १९४६चे, पार्ल्याचे आजचे साठ्ये महाविद्यालय १९५९चे, मिठीबाई १९६१चे आणि मुलुंडचे वझे-केळकर तर १९८४चे. या महाविद्यालयांत येणारी बहुसंख्य मुले आपल्या घरी राहतात आणि लोकलने येतात. त्यामुळे अमेरिकेतल्यासारखी बंधुगृहे येथे असणे शक्यच नव्हते. आमच्या मुलांची बंधुता गाडीच्या डब्यात, फाटकाजवळच्या कट्ट्यावर, उपाहारगृहाच्या ठरलेल्या टेबलाशी आणि एकांकिकेच्या तालमीत जुळत आली. त्या बंधुतेचे मोल मी कमी मानीत नाही. रात्रभर जागून नेपथ्याच्या फळ्या रंगविणाऱ्या मुलांमध्ये जो जिव्हाळा निर्माण होतो तो माझ्या कोणत्याही व्याख्यानाने निर्माण झाला नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करतो.

पण कट्ट्यालाही कुंपण असते. ते दिसत नाही इतकेच. गुजराती मुलांचा घोळका वेगळा, मराठी माध्यमातून आलेल्यांचा वेगळा, इंग्रजी माध्यमातल्यांचा वेगळा. या शतकाच्या आरंभी विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रम वाढले आणि एकाच इमारतीत दोन महाविद्यालये नांदू लागली. एकाचे शुल्क काही शे रुपये, दुसऱ्याचे काही हजार. त्याच सुमारास महाविद्यालयीन महोत्सवांना प्रायोजक मिळू लागले. पवईच्या आयआयटीत १९७१ साली 'मूड इंडिगो' सुरू झाला. त्याचे अनुकरण करीत आज उपनगरातील अगदी लहान महाविद्यालयाचाही स्वतःचा महोत्सव असतो. त्या महोत्सवाची रचना पाहा. वर मुख्य समिती, तिच्या खाली विभागप्रमुख, त्यांच्या खाली समन्वयक आणि तळाशी पहिल्या वर्षाचे 'व्हॉलंटिअर'. या तळच्यांनी खुर्च्या उचलावयाच्या, दुकानोदुकानी जाहिराती मागत हिंडावयाचे, रात्री उशिरापर्यंत थांबावयाचे आणि वरच्यांची बोलणी निमूटपणे ऐकावयाची. जो टिकतो तो पुढच्या वर्षी वरच्या पायरीवर जातो आणि आपण जे सोसले ते खालच्याला सोसावयास लावतो. याला मुले 'वर्क कल्चर' म्हणतात. जातिव्यवस्थेच्या अभ्यासकाला ही रचना अपरिचित वाटणार नाही.

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट येथे सांगणे मला आवश्यक वाटते. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. मी तेव्हा महाविद्यालयाच्या सांस्कृतिक समितीचा प्रमुख होतो. शहापूर तालुक्यातील एका पाड्यावरून एक मुलगा आमच्याकडे शिकावयास येत असे. पहाटे घरून निघून आसनगावला गाडी पकडावयाची आणि संध्याकाळी तसेच परतावयाचे. तो ढोलकी उत्तम वाजवी. लोकनृत्याच्या चमूने त्याला घेतले. तालमी रात्री लांबत, तेव्हा तो कधी कधी फलाटावर झोपे, हे मला नंतर कळले. चमूला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. त्यानंतर सूचनाफलकावर एक सूचना लागली. वार्षिक अंकासाठी चमूचे छायाचित्र काढले जाईल, सर्वांनी महाविद्यालयाचा टी-शर्ट घालून यावे, टी-शर्टचे साडेचारशे रुपये विद्यार्थी प्रतिनिधीकडे भरावेत. त्या सूचनेखाली माझी सही होती.

वार्षिक अंकात छायाचित्र छापून आले. ढोलकी पुढे ठेवलेली दिसते. वाजविणारा दिसत नाही.

हे माझ्या ध्यानात आले तेव्हा दोन महिने उलटून गेले होते आणि तो मुलगा महाविद्यालयात येईनासा झाला होता. मी पत्र पाठविले. तो भिवंडीच्या एका गोदामात कामाला लागल्याचे त्याच्या गावच्या एका मुलाकडून समजले. केवळ एका टी-शर्टापायी त्याचे शिक्षण सुटले, असे मी म्हणणार नाही. घरची ओढगस्त होती, प्रवास होता, इंग्रजीची भीती होती. पण ज्या ठिकाणी आपण उपयोगी आहोत, परंतु आपले नाही आहोत, असे एखाद्याला कळून चुकते, त्या ठिकाणासाठी पहाटे उठण्याचे बळ त्याने कोठून आणावे? मी सरळसरळ कोणाला हाकलले नाही. कोणीच हाकलले नाही. क्लबला हाकलावे लागत नाही. वर्गणी ठरविली की काम आपोआप होते.

वसतिगृहांचा महाराष्ट्र

या प्रश्नाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढण्याचा विचार केला, तेव्हा सर्वांसाठी म्हणून काढलेल्या वसतिगृहात पुढारलेल्या जातीचीच मुले राहतात, असा त्यांना अनुभव आला. मग त्यांनी जातवार वसतिगृहांना हात दिला. १९०१ साली मराठा वसतिगृह, १९०६ साली मुस्लिम वसतिगृह, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी ती मालिका वाढत गेली. आजच्या दृष्टीने कोणी याला जातीय विभागणी म्हणेल. परंतु दाराबाहेर उभ्या असलेल्यांना आधी कोठे तरी छप्पर मिळावे, ही त्यामागील दृष्टी होती. कॉर्नेल आणि हॉवर्डच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा उल्लेख मी वर केला तो यासाठीच.

परंतु या मार्गाची मर्यादाही कोल्हापुरातच उघड झाली. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास एका जैन वसतिगृहातील एक विद्यार्थी गेला होता. परत आल्यावर त्याला आंघोळ करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले. त्या विद्यार्थ्याचे नाव भाऊराव पाटील. आपल्याच बंधूंच्या मंडळातून बाहेर काढलेल्या या मुलाने पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालविले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, अखेर मंगळसूत्रही दिले, हे सर्वश्रुत आहे. त्या वसतिगृहात प्रवेशासाठी कस पाहिला जात नव्हता असे नाही. पण तो कस श्रमाचा होता. सर्वांनी पाणी भरावयाचे, सर्वांनी दळावयाचे, सर्वांनी एका पंक्तीत बसावयाचे. अमेरिकी बंधुमंडळात नवागताकडून कष्ट करून घेतात ते त्याला नमविण्यासाठी. साताऱ्यात थोरला आणि धाकटा एकच काम करीत.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयाचे प्रमुख होते, तेव्हा त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. मुलांच्या अंथरुणांच्या घड्या, अस्ताव्यस्त खोल्यांची झाडलोट, मळलेले कपडे, ही कामे ते स्वतः करीत. रात्री जागून हाताने 'छात्रालय दैनिक' लिहून ते सकाळी मुलांसाठी ठेवीत. वडीलधाऱ्याने सेवा करावी आणि धाकट्याने लाजून सुधारावे, अशी ती रीत होती. ती आपल्याला पेलवणार नाही असे कोणी म्हणेल. निदान तिची दिशा तरी उलटी नसावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

आणि ज्या शब्दाभोवती ही सारी चर्चा फिरते आहे तो 'फ्रॅटर्निटी' हा शब्द आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत आहे. १९४६च्या डिसेंबरात नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीने तो १९४८च्या मसुद्यात घातला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. ग्रीक अक्षरांची बंधुमंडळे ज्या देशातील विद्यार्थी-जीवनाचे भूषण समजली जात, त्या देशात त्यांचे तारुण्य गेले. पण त्यांनी बंधुता या शब्दाचा जो अर्थ घेतला तो मंडळाचा नव्हता. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात त्यांनी बजावले की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता या दोन्ही गोष्टी अंगी मुरणार नाहीत, आणि जाती हा त्या बंधुतेच्या मार्गातील अडथळा आहे. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडाप्रमाणे बंधुता सर्वांवर पडली तरच ती बंधुता, असा त्याचा सरळ अर्थ मी घेतो.

भगिनीभावाचेही एक उदाहरण आपल्या उपनगरांतच आहे. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त स्त्री समिती उभी राहिली. गोरेगावच्या मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट. तिघींचे पक्ष तीन. पण रॉकेल आणि धान्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला कोणी तिचा पक्ष विचारला नाही, जात विचारली नाही, वर्गणीची पावती मागितली नाही. घरात लाटणे असले की पुरे. महाविद्यालयांतील मुलींना भगिनीभाव शिकावयाचा असेल तर ग्रीक वर्णमाला शिकण्याची गरज नाही.

मतपेटी गेली आणि महोत्सव उरला

आता कार्यकर्त्यांनी ज्याकडे लक्ष द्यावयास हवे त्या मुद्द्याकडे येतो. एके काळी विद्यार्थ्यांच्या एकत्र येण्याला दुसरे एक रूप होते. ते म्हणजे निवडणूक. मी विद्यार्थी असताना वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत एकदा सपशेल पडलो आहे. त्या निवडणुकांत सारे आलबेल होते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पैसा होता, दमदाटी होती, बाहेरचे गुंड होते. १९८९ साली तर मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. या हिंसेवर उपाय म्हणून १९९४च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुकाच काढून टाकल्या. वर्गात सर्वाधिक गुण मिळविणारा तो वर्गप्रतिनिधी, असे ठरले. रेल्वेत खिसे कापले जातात म्हणून रेल्वे बंद करावी तसा हा उपाय होता. २०१६च्या कायद्याने निवडणुका कागदावर परत आणल्या. मागासवर्गीय प्रतिनिधीची आणि विद्यार्थिनी प्रतिनिधीची तरतूदही केली. २०१९ साली वेळापत्रक जाहीर झाले, पण विधानसभेची निवडणूक पुढे करून ते लांबणीवर टाकण्यात आले. पुढची दोन वर्षे करोनाने खाल्ली. माझ्या ओळखीच्या उपनगरी महाविद्यालयांत आज शिकणाऱ्या एकाही मुलाने आपल्या आवारात मतपेटी पाहिलेली नाही.

याचा परिणाम काय झाला? निवडणुकीत उमेदवाराला शहापूरहून येणाऱ्या मुलाकडेही जावे लागे, कारण त्याचे मत इतरांच्या मताइतकेच मोजले जाई. महोत्सवाच्या समितीला त्याच्याकडे जाण्याची गरज नाही. ती स्वतःच स्वतःला निवडते. मतपेटी ही सार्वजनिक वस्तू होती. तिच्या जागी क्लब आला. जमाखर्च कोणी विचारीत नाही, कारण विचारण्याचा अधिकार कोणाला आहे हेच ठरलेले नाही. प्राध्यापकांनी लक्ष घालावे म्हणावे, तर निम्मे प्राध्यापक तासिका तत्त्वावर. एका महाविद्यालयातील तास संपवून दुसरीकडे धावणाऱ्या त्या तरुणाने मुलांबरोबर कट्ट्यावर बसावे तरी केव्हा?

निवासाचे तसेच. अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांना २०१६-१७पासून स्वाधार योजनेत रोख रक्कम देण्यात येऊ लागली. मुंबईसाठी ती वर्षाला साठ हजार रुपये ठरली. महिन्याला पाच हजार. अंधेरी-घाटकोपरात या पैशांत काय मिळते हे भाडेकरूला विचारावे. पण रक्कम दुप्पट केली तरी एक उणीव राहील. पैशाने खोली मिळते, पंगत मिळत नाही. साताऱ्याच्या वसतिगृहाचे काम खात्यावर रक्कम जमा करून होणारे नाही.

कोणी म्हणेल, तरुण मुलांनी मौज करू नये काय? माणसाला जवळचे चारजण लागतात, साऱ्या जगाशी सारखीच मैत्री कोणाला करता येते? हा आक्षेप योग्य आहे. मैत्री निवडीनेच होते आणि तशीच व्हावी. माझे म्हणणे मैत्रीबद्दल नाही, महाविद्यालयाच्या नावाने, महाविद्यालयाच्या जागेत आणि सर्वांच्या शुल्कातून जे चालते त्याबद्दल आहे. तेथे निवडीचा अधिकार मूठभरांकडे असता कामा नये. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स या लहान महाविद्यालयाने १९६२ साली आपली जुनी बंधुमंडळे मोडीत काढण्याचा निर्णय घेतला, राहण्याजेवण्याची जबाबदारी महाविद्यालयाने स्वतःकडे घेतली आणि ते महाविद्यालय आजही उत्तम चालले आहे. मुलांची मैत्री त्यामुळे आटली असे ऐकिवात नाही.

आपल्या कार्यकर्त्यांना मी तीन कामे सुचवितो. पहिले, प्रत्येक उपनगरातील महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे जाऊन २०१६च्या कायद्याप्रमाणे विद्यार्थी परिषदेची निवडणूक केव्हा घेणार, हे लेखी विचारावे आणि मिळालेले उत्तर मुलांत वाटावे. दुसरे, महोत्सवाचा जमाखर्च सूचनाफलकावर लावावा आणि महाविद्यालयाच्या नावाने होणाऱ्या कोणत्याही उपक्रमात पैसे नाहीत म्हणून कोणी वगळला जाऊ नये यासाठी सामाईक निधी असावा, अशी मागणी मुलांकरवीच करावी. तिसरे काम सरकारवर अवलंबून नाही. आपल्या पक्षाची, संघटनांची, स्मारकांची जी कार्यालये उपनगरांत आहेत ती संध्याकाळी बहुधा कुलूपबंद असतात. ती सहा ते दहा उघडी ठेवावीत. एक दिवा, दोन बाके, चहाची किटली आणि बोलावयास एक वडीलधारा माणूस, एवढे पुरे. कसारा, विरार, कर्जतच्या गाडीची वाट पाहणारी मुले तेथे अभ्यास करतील, वाद घालतील, एकमेकांची नावे शिकतील. त्यांना सभासदत्वाचा अर्ज भरावयास सांगू नये.

घाटकोपर स्थानकाजवळच्या अशा एका खोलीत गुरुवारी आणि शनिवारी मी बसावयास तयार आहे. त्या वार्षिक अंकातील ते पान मी कापून जपून ठेवले आहे. खोली उघडली की ते भिंतीवर लावावे असा माझा विचार आहे, म्हणजे छायाचित्रात कोण नाही, हे मला रोज दिसेल.